रोबोकॉपचा गेम: पावलं वजनदार, चेहरे लाकडी, आणि ठाण्यातली ड्युटी एकदम खरी

गेम चालू झाल्यावर पहिली गोष्ट मी काय केली असंल तर शिफ्ट दाबून पळायला बघितलं. सवयच तशी पडलेली आहे, कुठला पण शूटर म्हणजे गोळीबाराचा गेम घ्या, शिफ्ट दाबायचं, पळायचं, भिंतीमागं बसायचं, डोकं काढून मारायचं. इथं शिफ्ट दाबलं तर गडी नुसता झपाझप चालायला लागला. उडी मारता येईना. खाली बसता येईना. समोरून गोळ्या यायल्यात आणि आपण मधोमध सरळ ताठ चालत जायलोय, धाड धाड पावलांचा आवाज करत. दोन मिनिटं मला वाटलं कीबोर्डची सेटिंग चुकली का काय. मग डोक्यात प्रकाश पडला की अरे हा रोबोकॉप आहे, हा कशाला बसंल भिंतीमागं, आणि तिथून पुढं जे १७ तास गेले ते कसे गेले ते सांगायलाच हे लिहायलोय.

गेमचं नाव रोबोकॉप: रोग सिटी (Rogue City). पोलंडमधली टेयॉन नावाची कंपनी आहे तिनं बनवलाय, नेकॉननं काढलाय, २ नोव्हेंबर २०२३ ला आला पीसी, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर. एकट्यानं खेळायचा आहे, ऑनलाईन मारामारी, बॅटल पास, स्किन विकणं असलं गेमच्या आत परत पैसे काढायचं कायच नाही, आणि हे मी गुण म्हणूनच सांगतोय. गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिनेमाच्या मधल्या काळातली आहे. पहिला सिनेमा १९८७ चा, पॉल व्हरहोव्हननं काढलेला, दुसरा १९९० चा, तिसरा १९९३ चा. सिनेमे बघितले नसतील तर अडत नाही तसं, पण निदान पहिला बघून घ्या, नाहीतर निम्मी मजा डोक्यावरून जाईल.

माझं ह्या कॅरेक्टरशी जुनं आहे. आम्ही नांदेडला पोलीस लाईनीत वाढलो, गणपतीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे, तीन कॅसेटी, पहाटेपर्यंत सतरंजीवर बसून बघायचं. दोन हिंदी ठरलेले, तिसरी कॅसेट दुकानदार जी देईल ती. एका वर्षी तिसरी रोबोकॉप निघाली. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण पोलिसाची गोष्ट आहे म्हणल्यावर लाईनीतली सगळी मोठी माणसं पण बसली. ड्युटीवर मारला गेलेला मर्फी नावाचा शिपाई, कंपनी त्याला लोखंडात घालून परत ड्युटीवर उभं करते, आणि त्याला हळूहळू आपलं घर आठवायला लागतं. त्या वयात मला गोळीबारच आवडला होता. बायकापोरांच्या रिकाम्या घरात तो एकटाच फिरतो तो सीन मोठ्यांना कळला होता, कारण तेवढ्या वेळ सतरंजीवर कुणी बोलत नव्हतं एवढं माझ्या लक्षात आहे.

तर एवढं मनात घेऊन बसलेला माणूस गेमकडून लई अपेक्षा ठेवणार हे उघड आहे. आणि पहिल्याच वाक्याला कळलं की ह्या लोकांनी मनापासून केलंय, कारण आवाज खुद्द पीटर वेलरचा आहे. पहिल्या दोन सिनेमांत रोबोकॉप झालेला तोच. १९४७ चा जन्म, म्हणजे गेम आला तेव्हा ७६ वर्षांचा. आवाजात वय जरा जाणवतंय, पण ते तुटक बोलणं, शब्दांच्या मधे सोडलेली ती जागा, ती दुसऱ्या कुणाला जमली नसती. पहिल्या सिनेमाचा संगीतकार बॅसिल पोलेडुरिस, त्याची ती मूळ धून पण आहे, मारामारी तापली की वाजते आणि अंगावर काटा येतो, खरंच सांगतो.

आता मुख्य म्हणजे शूटिंग.

पहिलंच मिशन टीव्ही स्टेशनचं आहे. टॉर्च हेड्स म्हणून नशेबाज गुंडांची टोळी, ते न्यूक नावाचा ड्रग घेतात, दुसऱ्या सिनेमातलाच तो. त्यांनी चॅनल ९ ची बिल्डिंग ताब्यात घेतलीय, माणसं ओलीस धरलीत. तुम्ही दारातून आत जाता. हातात ऑटो ९, ते सिनेमातलं लांब नळीचं पिस्तूल, एका दाबात तीन गोळ्या सुटतात आणि मॅगझिन बदलत राहिलं की गोळ्या संपतच नाहीत. निशाणा धरला की स्क्रीनवर हिरव्या रेघा येतात, त्याला दिसतं तसं आपल्याला दिसतं, गुंडांच्या भोवती हिरवी चौकट. आणि मग ज्या तऱ्हेनं ऑफिसची वाट लागते ना! कागदं उडतात, काचा फुटतात, मॉनिटर फुटतात, भिंतीचे टवके निघतात, लाईटी लोंबकळतात. एका हॉलमधून चालत गेलात की मागं वळून बघा एकदा, भूकंप झाल्यावानी दिसतंय. कुणी लई जवळ आला तर त्याची गचांडी धरून उचलायचा आणि दुसऱ्यावर फेकायचा. खुर्ची, कॉम्प्युटर, सिलेंडर, जे हाताला लागंल ते फेकता येतंय, पुढं तर अख्खी मोटरसायकल उचलून फेकली मी.

काही ठिकाणी तो भिंत फोडून खोलीत घुसतो आणि सगळं स्लो होतं. आत ओलीस असतात आणि त्यांच्यावर बंदूक धरलेले दोघंतिघं, आधी कुणाला मारायचं ते तेवढ्या दोन सेकंदांत ठरवायचं. दर वेळी दम रोखूनच खेळलो मी ते.

ह्यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. बाकीच्या शूटरमध्ये तुम्हाला चपळ राहून वाचायचं असतंय. इथं चपळाई नाहीच, तर मग धोका कसा तयार करायचा? त्यांनी केलंय असं की गोळ्या तुम्हाला लागणारच, तुम्ही मोठं टार्गेट आहात, पण कोणाला आधी संपवायचं ते तुम्ही ठरवायचं. वरच्या मजल्यावरचा स्नायपर आधी का ग्रेनेडवाला आधी का हा समोरून मोटरसायकल घालायलाय तो आधी. म्हणजे ट्रॅफिकच्या चौकात उभा असलेला हवालदार कसा एका जाग्यावरून चारी बाजू बघतो तसं. हळू चालणं ही कमतरता न राहता तोच खेळ झालाय. सिनेमाच्या हिरोला गेममध्ये आणताना त्याचा स्वभाव बदलायचा नाही, खेळायचे नियम बदलायचे, हे ह्यांनी ओळखलं आणि म्हणूनच हा गेम बाकीच्यांपेक्षा वेगळा झालाय असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मला सगळ्यात जास्त जे आवडलं ते गोळीबारात नाहीच.

पप्पा रिटायर झालेत, पोलीस खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच ठाण्यातच. मी खेळत असलो की मागं कॉटवर पेपर वाचत पडलेले असतात, गेमकडं कधी बघत नाहीत, आवाज कमी कर एवढंच म्हणतात. त्या दिवशी मी पोलीस ठाण्याच्या भागात होतो. रोबोकॉपला साहेब सांगतात की जरा पुढच्या काउंटरवर बस, लोकं आलीत. आणि खरंच बसवतात त्याला, एवढा मोठा लोखंडी गडी काउंटरच्या मागं उभा, आणि एकामागून एक माणसं तक्रारी घेऊन यायल्यात, कुणाचं खरंच बिनसलंय, कुणी उगं डोकं खायला आलेला. प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते आपण निवडायचं. पप्पांनी पेपर खाली ठेवला. "हा ठाणे अंमलदार झाला की रे," म्हणले. मग पुढं सरकून बसले. मी एकाला पटकन कटवायचं उत्तर निवडायला गेलो तर म्हणले, "थांब, असं नाही. आधी त्याचं सगळं ऐकून घ्यायचं असतंय. निम्मी लोकं नुसतं ऐकून घेतलं की माघारी जातेत." मी ते दुसरं उत्तर निवडलं. मग त्यांनी स्टेशन डायरी कशी लिहितात, एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार कशाची घ्यायची, रात्री दोनला दारू पिऊन आलेला माणूस सकाळी आठला कसा मुकाट बसलेला असतो, असं अर्धा तास सांगितलं. एवढं ते नोकरीबद्दल माझ्याशी आधी कधीच बोलले नव्हते. गेम तसाच पॉज करून ठेवला होता मी.

असली बारकी कामं गेमभर पसरलीत. डाउनटाउन डेट्रॉईटचा एक मोकळा भाग आहे, तिथं गस्त घालायची. चुकीच्या जागी गाडी लावली, पावती फाड. भिंतीवर रंग फासणारं पोरगं सापडलं, दंड करायचा का समज देऊन सोडायचं ते तुम्ही ठरवा. कायदा धरून राहिलात का लोकांचा विश्वास कमावला, दोन्हीची नोंद वेगवेगळी होते, कारण त्याच्या डोक्यात आज्ञाच तशा भरलेल्या आहेत: लोकांचा विश्वास राखणं, निरपराधांना वाचवणं, कायदा पाळणं. पार्टनर लुईस जखमी होऊन दवाखान्यात जाते तर तिच्यासाठी ठाण्यातल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायचं एक काम आहे, लवकर बरी हो म्हणून कार्ड. एवढंच काम, कार्ड घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत जायचं. कुठल्या शूटरमध्ये बघितलंय असलं? आणि ते कंटाळवाणं होत नाही, कारण ठाण्यातली माणसं तोवर ओळखीची झालेली असतात, कुणाचं कुणाशी पटत नाही हे कळायला लागतंय.

नवीन भरती झालेला एक पोरगा आहे युलिसिस वॉशिंग्टन नावाचा, त्याला तुम्ही कसं वागवता ह्यावर पुढं बरंच अवलंबून आहे. एवढंच सांगतो, जास्त सांगत नाही. त्याच्याशी बोलताना घाई करू नका.

कंपनीची बाजू पण नीट घेतलीय. ओसीपी म्हणजे ती कंपनी जी पोलीस खातंच चालवायला घेते, आणि जुनं शहर पाडून तिथं डेल्टा सिटी बांधायला निघालीय. ठाण्यात सामान नाही, माणसं कमी, पगाराची बोंब, आणि वरती टॉवरमध्ये कोटातली माणसं आकडे मांडत बसलेली. शहरात निवडणूक पण चालू आहे. मॉनिटरवर बातम्या आणि जाहिराती येत राहतात, त्या थांबून बघत जावा. रोबोकॉपला एका मानसोपचार डॉक्टर बाईकडं पाठवतात, ती विचारते तू माणूस आहेस का मशीन, उत्तर आपण द्यायचं. मी पहिल्यांदा बराच वेळ उत्तरच दिलं नाही, बसून राहिलो.

आता खटकलेलं सांगतो, आणि ते पण कमी नाही.

चेहरे. रोबोकॉप स्वतः कसला भारी दिसतो, छातीच्या पत्र्यावर निऑनच्या पाट्यांचं प्रतिबिंब पडतंय, पाऊस पडून गेलेल्या रस्त्यावर उभा राहिला तर फोटो काढून ठेवावा वाटतंय, अनरिअल इंजिन ५ म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनवलाय त्याचं काम तिथं दिसतं. पण त्याच्या समोर बोलणारा माणूस बघितला की सगळं उतरतं. ओठ एकीकडं, शब्द एकीकडं. डोळे काचेच्या गोट्यांसारखे. रडायचा सीन आहे आणि चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. लुईसचं सगळ्यात वाईट वाटलं, तिचा चेहरा सिनेमातल्या नॅन्सी ॲलनवर बेतलाय पण आवाज तिचा नाही, आणि ज्या दोघांचं नातं हा सिनेमाचा जीव आहे तिथंच ती समोर आली की बाहुली बोलायल्यावानी वाटतंय. ह्या गेममध्ये बोलणं लई आहे, त्यामुळं हा दोष सारखा समोर येत राहतो, कधी विसरता येत नाही.

गुंडांना अक्कल कमी आहे. दारातून एक आला, मेला, दुसरा त्याच दारातून आला. सुरवातीला चालतंय, नशेत आहेत म्हणून सोडून देऊ. पण नंतर पैसे घेऊन लढणारे सैनिक येतात, हेल्मेट, चिलखत सगळं आहे, आणि ते पण तसंच वागतात. मग गेम अवघड कसा करतो, तर माणसं वाढवतो. शेवटच्या तीन चार तासांत एकेका हॉलमध्ये एवढी गर्दी सोडलीय की ती मोजत बसायची वेळ येते. तिथं तासाभराची कात्री लावली असती तर गेम जास्त चांगला झाला असता.

दुसऱ्या बंदुका हा पण वाया गेलेला प्रकार आहे. रायफली, शॉटगन, ग्रेनेड लाँचर सगळं पडलेलं असतंय, उचलता येतंय, पण ऑटो ९ इतकं भारी आहे की त्यांच्याकडं हात जातच नाही. त्यात ऑटो ९ ला सुधारायची जी पद्धत आहे ती मस्त, पिस्तुलाच्या आत सर्किट बोर्ड टाकायचा, त्यावर चिपा बसवून करंट इकडून तिकडं वळवायचा, वाटेत फायद्याची घरं आहेत तशी तोट्याची पण आहेत, ती चुकवत न्यायचं. मी एका संध्याकाळी तासभर फक्त तो बोर्ड जुळवत बसलो होतो. शेवटी असा बोर्ड मिळाला की मॅगझिन बदलायचीच गरज नाही, दाबून धरलं की सुटतच राहतंय. मजा आली, पण तिथून पुढं मारामारीत धाकधूक अशी राहिलीच नाही. अवघडवर खेळणाऱ्यांनी ते एवढ्या लवकर बसवू नये.

स्किलचं पण तसंच. आठ आहेत, लढाई, चिलखत, तब्येत, इंजिनिअरिंग, एकाग्रता, स्कॅनिंग, तपास, मानसशास्त्र. चिलखत शेवटपर्यंत वाढवलं की गोळ्या परत मारणाऱ्यावरच उलटायला लागतात, आणि स्कॅनिंगला पॉईंट घालून एवढं काही हाताला लागत नाही. माझं ऐकाल तर मानसशास्त्र आणि तपास ह्याला आधी पॉईंट द्या, त्यानं बोलण्यात जास्तीची उत्तरं उघडतात, आणि ह्या गेमचा जीव तिथंच आहे. बंदूक आपोआप तगडी होतेच.

आणि फेऱ्या. डाउनटाउनमध्ये एकाच दोन चार रस्त्यांवर परत परत जावं लागतं. हळू चालण्याची मजा मारामारीत आहे, पण ह्या टोकाला एक कागद आणि त्या टोकाला एक माणूस असं केलं की तेच चालणं जड होतं. एकदा तर रात्री साडेबाराला नुसता चालत होतो चार मिनिटं.

भाषेचं मुद्दाम सांगतो आपल्याकडच्या पोरांसाठी. हिंदी आवाज नाही, हिंदी सबटायटल पण नाहीत. इंग्रजी वाचायची सवय असंल तर सबटायटल चालू करून घ्या, कारण बोलण्यात उत्तर निवडायचं असतंय आणि चुकीचं निवडलं की पुढं कुणाचं तरी काहीतरी होतं. नुसतं ठोकत सुटलं तरी गेम संपतो, पण मग शेवटी प्रत्येकाचं काय झालं ते दाखवतात तेव्हा कळतच नाही हे असं का झालं.

मशीनचं थोडं. ह्या गेमला कमीत कमी १६ जीबी रॅम मागितलीय, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० पासून पुढं, जागा ५० जीबीच्या आसपास. मी पीसी घेतला तेव्हा एका दुकानदारानं १६ जीबी म्हणून बिल केलं आणि आत ८ ची एकच पट्टी बसवून दिली, मी पण बघितलं नाही, वर्षभर तसाच वापरला. हा गेम लावला तर दर दहा पावलाला अडकायला लागला, मला वाटलं गेमच खराब. टास्क मॅनेजर उघडल्यावर कळलं. दुकानात गेलो तर माणूस ओळखच दाखवंना. मग देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला गेलो, सीटीसी म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरच्या मार्केटात दुसरी पट्टी घेतली, आपल्या भागातली बरीच पोरं पार्ट घ्यायला तिथंच जातात. घरी येऊन लावली आणि गेम लोण्यासारखा चालला. म्हणून सांगतो, गेमला शिव्या घालायच्या आधी कॅबिनेट उघडून बघा, मोजून बघा.

माझ्याकडं आरटीएक्स ३०६० आहे, साध्या एचडी स्क्रीनवर डीएलएसएस, म्हणजे कार्डावरचा भार हलका करायची सेटिंग, ती क्वालिटीला ठेवून नीट चालतंय. पण मे महिन्यात दुपारी खेळू नका. नांदेडला ४३ डिग्री, कूलरनं खोलीत दमट झालेलं, त्यात अनरिअल ५ चा गेम, कार्डाचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागतो आणि मग फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडकत चालतं. मी रात्री दहानंतर खेळलो, गच्चीची खोली सोडून खालच्या खोलीत टेबल आणलं. यूपीएस पाहिजेच, उन्हाळ्यात लाईटीचा भरवसा नाही आणि भर मारामारीत गेली की तेवढा तुकडा परत खेळायचा.

हा गेम एवढा चांगला निघंल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि त्याला कारण आहे. सिनेमावरच्या शूटरचा इतिहासच तसा आहे. चांगले नाहीत असं नाही, १९९७ चा गोल्डनआय होता, २००४ चा रिडिक होता. पण बाकी बघा. २०१३ ला एलियन्स: कलोनियल मरीन्स आला, सिनेमात अंधारातून भिंतीवरून येऊन अंगावर पडणारे ते प्राणी गेममध्ये येड्यावानी समोर येऊन उभे राहायचे. नंतर लोकांनी फाईली उकरल्या तर एका ओळीत टेदर ह्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा पडलेलं होतं, ते काढलं की प्राणी सुधारले. एका अक्षरापायी! रोबोकॉपवर पण २००३ ला टायटसनं एक शूटर काढला होता, त्याचं आज कुणी नाव घेत नाही. आणि खुद्द टेयॉननं २०१४ ला रॅम्बोवर गेम काढला तेव्हा त्यांना सगळीकडून बोलणी बसली होती. तिथून २०१९ ला टर्मिनेटर: रेझिस्टन्स, तो बरा झाला, लोकांनी हळूहळू उचलून धरला. मग हा. मोठ्या कंपन्यांएवढी माणसं नाहीत, पैसा नाही, चेहऱ्यांत ते दिसतंच, पण सिनेमा किती वेळा बसून बघितला असंल ते ठाण्याच्या जिन्यापासून स्टील मिलच्या पाईपापर्यंत दिसतं. ईडी २०९ म्हणजे तो मोठा दोन पायांचा रोबो समोर आला ना, तर त्याचं ते जनावरासारखं गुरगुरणं पण तसंच ठेवलंय. ज्याला प्रेम नाही तो एवढं करणार नाही.

लहान पोरांच्या हातात देऊ नका हा गेम. डोकी फुटतात, रक्त उडतं, शिव्या आहेत, १८ च्या वरचं रेटिंग आहे आणि ते बरोबर आहे. माझा भाचा नववीत आहे, मामा मला लाव म्हणून मागं लागला होता, मी त्याला पार्किंगच्या पावत्या फाडायचा भाग तेवढा खेळू दिला आणि बंद केलं.

घ्यावा का? सिनेमा आवडत असंल तर पूर्ण किमतीत पण घ्या. नुसता शूटर म्हणून पाहिजे असंल, पळापळी, उड्या, ऑनलाईन पाहिजे असंल, तर सोडून द्या, दोन तासांत कंटाळाल आणि वाईट बोलत फिराल. मधल्या लोकांनी सेलची वाट बघा, माझा मी सेलमध्येच घेतला. एकदा संपवल्यावर सगळी स्किल घेऊन परत सुरू करायची सोय त्यांनी २०२४ मध्ये फुकट टाकली, म्हणजे दुसऱ्यांदा खेळायला पण कारण आहे.

जुलै २०२५ ला ह्याच लोकांनी अनफिनिश्ड बिझनेस म्हणून आणखी एक काढलाय, मूळ गेम नसला तरी चालतो. एक अवाढव्य टॉवर, भाडोत्री सैनिकांनी ताब्यात घेतलेला, आणि मजल्यामजल्यानं वर चढत जायचं. मारामारी भरपूर, एका भागात मर्फी माणूस होता तेव्हाचं पण खेळायला मिळतं, तो भाग छान जमलाय. पण ठाणं जवळपास नाहीच, गस्त नाही, काउंटर नाही. त्यामुळं आधी मूळ गेमच घ्या. मी टॉवरवाला लावला त्या दिवशी पप्पा मागंच होते, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणले, "ह्यात लोकं कुठायत?" आणि पेपर उचलला. मी तो चौथ्या मजल्यावर सोडून मूळ गेम परत पहिल्यापासून लावलाय, ह्या वेळी काउंटरवरची उत्तरं त्यांना विचारून द्यायलोय.